कोस्ट गार्ड, ॲनापोलिस की वेस्ट पॉइंट, आणि मधेच पुण्याचं लग्न

एका वाचक ताईंचं पत्र, थोडं कापून देतेय:

"आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगी अकरावीत आहे, क्रॉस कंट्री पळते, मार्क्स चांगले आहेत. वर्षभर तिच्या डोक्यात मिलिटरी ॲकॅडमीच बसलीये. माझे आजोबा साताऱ्याकडचे फौजी होते, त्यांच्या गोष्टी ऐकून ऐकून झालं असावं. तिच्या बाबांचा ठाम विरोध आहे. आता कळलं की आर्मीचं वेस्ट पॉइंट, नेव्हल, एअर फोर्स आणि कोस्ट गार्ड अशा चारही ठिकाणी उन्हाळ्यात आठवडाभराचे प्रोग्रॅम असतात. यातला बेस्ट कुठला? तिथे गेलं की ॲडमिशनचा चान्स वाढतो का? शिवाय एका प्रायव्हेट लीडरशिप कॅम्पचं 'तुमच्या मुलीची निवड झाली आहे' असं पत्र आलंय, फी चार हजार डॉलरच्या घरात. जूनच्या शेवटी पुण्यात भाच्याचं लग्न आहे, तिकिटं काढायची राहिलीत. लहानपणी तिला दमा होता, ते फॉर्मवर लिहायचं का? आणि धाकटा आठवीत आहे, तोही आता मी पण म्हणायला लागलाय."

ताई, सगळ्यात मोठा प्रश्न तुम्ही मधेच एका ओळीत उरकलाय, चान्स वाढतो का. त्याचं आधी सांगते. फक्त त्या हिशोबाने पाठवणार असाल तर पैसे वाचवा. या प्रोग्रॅमला न जाता ॲकॅडमीत पोचलेली मुलं भरपूर आहेत आणि जाऊन, टी-शर्ट मिरवून, नंतर ॲडमिशन न मिळालेलीही भरपूर आहेत. निवड झाली तर एवढंच कळतं की तिचे मार्क आणि खेळ त्यांच्या नजरेत बरे दिसतायत, आणि नाही झाली तर त्यातून काहीच कळत नाही, कारण जागा मोजक्या आणि अर्ज हजारोंनी येतात, त्यामुळे नकार आला म्हणून घरात सुतक पाळू नका, खरा अर्ज त्यानंतरही तितक्याच ताकदीने करता येतो. आपल्या लोकांना कुठलीही गोष्ट समोर आली की ती रेझ्युमेत कुठे बसेल ते आधी दिसतं, मलाही दिसतं, पण इथे फायदा वेगळाच आहे. सतरा वर्षांच्या मुलीला पहाटे उठवून, पळवून, ओरडून घेऊन, मग वर्गात बसवून एक आठवडा कळतं की हे आयुष्य तिला आवडतंय की आजोबांच्या गोष्टी आवडत होत्या. दोन्हीत फरक आहे आणि तो नंतर कळण्यापेक्षा आत्ता कळलेला बरा.

आता एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीये म्हणून विचारते, ती अमेरिकन सिटिझन आहे ना? ॲकॅडमीत कॅडेट म्हणून जायला सिटिझनशिप लागते, ग्रीन कार्ड चालत नाही. इथे जन्मली असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर एक लक्षात ठेवा, मुलगी अठराच्या आत असताना, तिच्याकडे ग्रीन कार्ड असताना आणि ती तुमच्याजवळ राहत असताना आईबाबांपैकी एकजण जरी सिटिझन झाला तरी ती आपोआप सिटिझन होते, फक्त तिचा पासपोर्ट वेळेत काढून ठेवायचा. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत घोडं इथेच पेंड खातं आणि ते कळतं बारावीच्या ऑक्टोबरमध्ये.

बरं, चार प्रोग्रॅम. हे चारही अकरावी संपून बारावी सुरू व्हायच्या मधल्या उन्हाळ्यासाठी असतात, म्हणजे तिला हा एकच उन्हाळा मिळणार. अर्ज थंडीत उघडतात आणि साधारण वसंत ऋतूपर्यंत बंद होतात, प्रत्येकाची तारीख वेगळी आणि दरवर्षी थोडी इकडे तिकडे होते, त्यामुळे नाताळच्या सुट्टीत तिने चारही वेबसाइट स्वतः उघडून तारखा कॅलेंडरवर टाकायच्या. तिने, तुम्ही नाही. फॉर्म आईने भरलेला वाचणाऱ्याला लगेच कळतो, आणि पुढे त्या आठवड्यात तिच्या जागी उभं राहायला तुम्ही नसणार आहात.

ॲनापोलिसच्या नेव्हल ॲकॅडमीच्या समर सेमिनारचा अर्ज तर ती जाणार नसली तरी भरायला सांगा, कारण तोच त्यांच्याकडे मुख्य ॲडमिशनचा प्राथमिक अर्ज म्हणूनही धरतात, एका दगडात दोन पक्षी. वेस्ट पॉइंटलाही समर लीडर्स एक्सपीरियन्स या त्यांच्या प्रोग्रॅमच्या निमित्ताने तिची फाइल लवकर उघडून जाते. ही गोष्ट मला प्रत्यक्ष कॅम्पपेक्षाही जास्त कामाची वाटते, कारण ॲकॅडमीचा अर्ज म्हणजे मॅरेथॉन आहे, निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रं, फिटनेस टेस्ट, मेडिकल आणि वर नॉमिनेशन, आणि ज्याची फाइल उन्हाळ्याच्या आधी उघडली तो सप्टेंबरमध्ये निवांत असतो.

नॉमिनेशन म्हटलं की आपल्याला लगेच वशिला आठवतो. तसं नाहीये. वेस्ट पॉइंट, ॲनापोलिस आणि एअर फोर्स या तिन्हींना तुमच्या मतदारसंघाच्या काँग्रेस प्रतिनिधीचं किंवा राज्याच्या दोन सिनेटरपैकी एकाचं नॉमिनेशन लागतं, उपाध्यक्षांकडेही अर्ज करता येतो, आणि त्यासाठी कुणाला ओळखायला लागत नाही, त्यांच्या ऑफिसच्या वेबसाइटवर फॉर्म असतो, मुलं भरतात, इंटरव्ह्यू होतात. सगळ्यांकडे अर्ज करायचा, एकावर थांबायचं नाही. कोस्ट गार्डला हे नॉमिनेशन लागतच नाही, तिथे थेट कॉलेजसारखा अर्ज.

आणि आता तुमच्या मुलीसाठी माझं मत. मी तिला कोस्ट गार्डच्या प्रोग्रॅमला पाठवेन.

त्याचं नाव एम, ॲकॅडमी इंट्रोडक्शन मिशनचा शॉर्टफॉर्म, आणि तिथे जाणाऱ्या मुलांना एमस्टर म्हणतात. कनेक्टिकटमधल्या न्यू लंडनला, टेम्स नदीच्या काठावर. चौघांत सगळ्यात लहान ॲकॅडमी ही, साधारण हजारेक कॅडेट, तेच वेस्ट पॉइंट आणि ॲनापोलिसला प्रत्येकी चार हजारांच्या वर. आणि चौघांत सगळ्यात कडक आठवडाही हाच. कारण हा आठवडा त्यांच्या स्वॅब समरच्या धर्तीवर बांधलेला असतो, स्वॅब समर म्हणजे खरोखर भरती झालेल्या मुलांचा पहिला उन्हाळा, सात आठवड्यांचा, ज्यात सिव्हिलियनचं कॅडेट करतात. एममध्ये त्याची चव एका आठवड्यात देतात, म्हणजे ओरडा, धावपळ, पुश-अप्स, चालताना आणि जेवतानासुद्धा डोळे समोर, उत्तर द्यायचं तर ठरलेल्या पद्धतीने, आणि हे सगळं करून घेणारे वीस-एकवीस वर्षांचे कॅडेट. पहिल्या दोन दिवसांत बऱ्याच मुलांना वाटतं आपण इथे का आलो. शेवटच्या दिवशी त्यातल्या अर्ध्यांना घरी जायचं नसतं आणि उरलेल्या अर्ध्यांना कळलेलं असतं की हे आपलं काम नाही, आणि माझ्या मते दोघांचेही पैसे वसूल झालेले असतात. शिवाय ती ॲकॅडमी लहान असल्यामुळे तिथले लोक आठवडाभर मुलांकडे बारकाईने बघतात, वागणं कसं आहे, थकल्यावर दुसऱ्याला हात देते का, हे त्यांच्या लक्षात राहतं. तर चान्सबद्दल वर जे बोलले त्याला थोडा अपवाद असेल तर इथे आहे. पण अपवाद दोन्ही बाजूंनी चालतो हं, आठवडाभर तोंड पाडून फिरलेली मुलगीही लक्षात राहते.

अजून एक, कोस्ट गार्ड म्हणजे नेमकं काय करतात हे आपल्या घरांमध्ये फारसं कुणाला माहीत नसतं. समुद्रात अडकलेल्यांना वाचवणं, ड्रग्सच्या बोटी पकडणं, तेलगळती, बंदरांची सुरक्षा, बर्फ फोडून जहाजांना वाट करून देणं अशी कामं, आणि हे खातं संरक्षण विभागाखाली नाही तर होमलँड सिक्युरिटीखाली येतं. बाबांचा विरोध युद्धाच्या भीतीपोटी असेल तर त्यांना हे सांगून बघा, मात्र काम सुरक्षित आहे असं सांगू नका, कारण वादळात हेलिकॉप्टरमधून खाली उतरणं सुरक्षित नसतं. मुलींचं प्रमाणही इथे चौघांत जास्त आहे, जवळपास ४० टक्के, वेस्ट पॉइंटला ते साधारण चौथ्या हिश्शाइतकं. चारही ॲकॅडमींनी मुलींना घ्यायला सुरुवात केली १९७६ साली. आपल्या खडकवासल्याच्या एनडीएमध्ये मुलींची पहिली बॅच आली २०२२ मध्ये आणि २०२५ च्या मे महिन्यात त्यातल्या १७ जणी पास होऊन बाहेर पडल्या, हे पुण्याच्या मंडळींना लग्नात सांगायला बरं पडेल, कारण तिथे कुणीतरी मावशी विचारणारच की मुलीच्या जातीला कशाला हे.

ॲनापोलिस दुसऱ्या नंबरवर. सहा दिवस, जूनमध्ये एकामागून एक बॅचेस. सकाळी पीटी, मग वर्कशॉप्स, आणि त्या खरंच चांगल्या असतात, इंजिनिअरिंगच्या लॅब्स, समुद्रशास्त्र, नॅव्हिगेशन, ॲकॅडमीच्या छोट्या गस्ती बोटींवर एक फेरीही असते. राहायचं बँक्रॉफ्ट हॉलमध्ये, अख्खी ब्रिगेड त्या एका इमारतीत राहते, म्हणजे चार हजारांवर मुलं एका छपराखाली. शेवटी सी ट्रायल्सची, म्हणजे तिथल्या पहिल्या वर्षाच्या अखेरच्या कसोटीची, छोटी आवृत्ती, चिखल, पाणी, टीमने मिळून ओझी उचलणं वगैरे. कडकपणात एमपेक्षा हलकं आणि अभ्यासाची बाजू जास्त दाखवणारं. तुमची मुलगी जहाजं, पाणबुड्या, विमानं की मरीन्स यात गोंधळलेली असेल तर इथे एका आठवड्यात सगळ्यांची झलक मिळते.

वेस्ट पॉइंटचा आठवडा साधारण अर्धा अभ्यास आणि अर्धा मिलिटरी असा, कॅडेटच्या बराकीत राहायचं, कॅडेटच्याच हाताखाली छोट्या तुकडीत फिरायचं, मेस हॉलमध्ये जेवायचं. चौघांत समतोल हाच म्हणावा लागेल. फक्त तुमच्या बाबतीत एक गंमत आहे की वेस्ट पॉइंट तुमच्या घरापासून गाडीने दीड तासावर हडसनच्या काठावर आहे, तर ते बघायला तिला आठवडाभर तिथे राहायलाच हवं असं नाही. एखाद्या शनिवारी तिघंही जा, ॲडमिशनवाल्यांचं ब्रीफिंग आधी बुक करा, आयडी बरोबर ठेवा, बाबांना गाडी चालवायला लावा. पुढे बारावीत तिथल्या कॅडेटबरोबर राहून बघायचीही सोय असते, इतर ॲकॅडमींमध्येही तसं काही ना काही असतं. आठवड्याची जागा दूरच्या ठिकाणासाठी वापरा.

एअर फोर्सचं थोडक्यात सांगते. कोलोरॅडो स्प्रिंग्स, जागा अप्रतिम, प्रोग्रॅम जास्त करून अभ्यास आणि ओळख या अंगाने जाणारा, मिलिटरी भाग सौम्य. तिला उडायचंच असेल तर जरूर जाऊ दे, नाहीतर विमानाचं तिकीट धरून हा सगळ्यात महाग पडेल. आणि ॲकॅडमी आहे ७,२५८ फुटांवर, समुद्रसपाटीवर पळणाऱ्या जर्सीच्या मुलीला तिथे पहिला मैल पळताना वाटेल की आपण रातोरात म्हाताऱ्या झालो, तर गेलीच तर पाणी भरपूर आणि पहिले दोन दिवस हिरोगिरी नको.

फी चारही ठिकाणी काहीशे डॉलरच्या घरात असते, प्रवास वेगळा. परवडत नसेल तर मदत मिळते का ते विचारायला लाजू नका.

आता त्या चार हजारवाल्या पत्राबद्दल. केराची टोपली. तुमच्या मुलीची निवड झाली आहे म्हणजे तुमच्या मुलीचा पत्ता त्यांना मिळाला आहे, एसएटीच्या वेळी किंवा कुठल्यातरी सर्व्हेत तिने बॉक्स टिक केला असेल. असल्या कंपन्या मोठ्या कॉलेजचं कॅम्पस भाड्याने घेतात, ब्रोशरवर ध्वज आणि कॅपिटॉलचा घुमट छापतात आणि ॲकॅडमीच्या ॲडमिशनशी त्यांचा काडीचा संबंध नसतो. खऱ्या चारही ॲकॅडमींच्या वेबसाइटचा पत्ता ॲकॅडमीच्या स्वतःच्या नावाचा असतो आणि शेवटी डॉट ईडीयू. तेवढं बघायचं आणि मन शांत ठेवायचं. त्या पैशांत तुमच्या अख्ख्या कुटुंबाच्या लग्नातल्या साड्या येतील.

हां, लग्न. इथे मला खरंच हसू आलं, कारण आधी लगीन कोंढाण्याचं हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय आणि वेळ आली की आधी तिकिटं बुक करतो. पण तुमच्या केसमध्ये दोन्ही जमतंय बहुतेक. गेल्या काही वर्षांचा रिवाज बघता वेस्ट पॉइंट, ॲनापोलिस आणि एअर फोर्स तिघांचंही जूनमध्ये असतं आणि एम जुलैमध्ये. जर्सीच्या शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तरी चालतात, म्हणजे जूनच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमला गेली तर फायनल्स बुडणार, शिक्षकांशी आधी बोलायला लागणार, आणि पळणारी मुलगी असल्यामुळे ट्रॅकच्या स्टेट मीट्सही त्याच सुमारास. हेही एक कारण मी एम म्हणण्याचं. तर लग्नाला जा, पण परतीचं तिकीट जुलैच्या पहिल्या आठवड्याचं ठेवा आणि तारीख बदलता येईल असं घ्या. जेट लॅग घेऊन न्यू लंडनच्या गेटवर उभं राहणं म्हणजे पहाटे साडेपाचला ओरडा खाताना तिच्या अंगात पुण्याची दुपार असणार, त्यामुळे मध्ये निदान आठ-दहा दिवस मोकळे हवेत. आणि लग्नाच्या जेवणावळीतही सकाळी पळायला जायचं, नातेवाईक हसतील, हसू देत. न्यू लंडनला जायला तुमच्या मेट्रोपार्कहून सरळ ॲमट्रॅक आहे, तिला एकटीला जाऊ द्या, तेही ट्रेनिंगच.

जूनमध्येच अजून एक गोष्ट असते, गर्ल्स स्टेट. तिच्या शाळेच्या काउन्सिलरने नाव सुचवलं तर ते हलक्यात घेऊ नका. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या महिला शाखेचा हा आठवडा, मुली खोटं खोटं राज्य सरकार चालवतात, आणि ॲकॅडमीवाल्यांना तो चांगला ठाऊक आहे, ॲप्लिकेशनवर तो विचारतातही. ॲनापोलिस आणि गर्ल्स स्टेटची तारीख एकच आली तर मी गर्ल्स स्टेट निवडेन, कारण ॲनापोलिसचा अर्ज तर तिने भरलेलाच असेल, फाइल उघडलेली असेल, आणि तिकडची जागा वेटिंगवरच्या दुसऱ्या कुणाला तरी मिळेल. मात्र जागा मिळाल्यावर नाही म्हणायचं तर लवकर म्हणा, शेवटच्या आठवड्यात नाही.

दम्याचं नीट ऐका. लपवायचं नाही. यात पळवाट नाही. तिन्ही सैन्यदलांच्या ॲकॅडमी, कोस्ट गार्ड आणि आरओटीसी (साध्या कॉलेजात शिकता शिकता ऑफिसर व्हायचा रस्ता) स्कॉलरशिप या सगळ्यांचं मेडिकल डॉडमर्ब नावाची एकच संस्था बघते आणि त्यांचा नियम १३ व्या वाढदिवसाशी बांधलेला आहे. १३ वर्षांची झाल्यानंतर दमा, व्यायामाने होणारा श्वासाचा त्रास किंवा त्यासाठी औषध असं रेकॉर्डवर असेल तर ते अपात्र ठरवतात, मग वेव्हर, म्हणजे नियमातून सूट, मागता येतो, तो कधी मिळतो कधी नाही. त्याच्या आत संपलेला बालदमा असेल तर सहसा अडत नाही. म्हणून आत्ताच, अर्ज उघडायच्या आधी, पीडियाट्रिशियनकडून तिचं सगळं जुनं रेकॉर्ड मागवा आणि शेवटचं इनहेलर कधी लिहून दिलं होतं ती तारीख शोधा. बऱ्याचदा डॉक्टर थंडीतल्या खोकल्यासाठी सहज एक इनहेलर लिहून देतात, आपणही घेऊन कपाटात टाकतो आणि रेकॉर्डवर ते दमा म्हणून राहतं. तसं काही असेल तर फुफ्फुसांची नीट टेस्ट करून खरं काय ते कागदावर आणा. आणि तिला आजही पळताना छातीत घरघरतं असेल तर ती इनहेलर घेईलच, ॲकॅडमीसाठी श्वास कोंडून पळायचं नाही, हे तिला तुम्ही सांगा आणि बाबांनीही सांगा. समर प्रोग्रॅमचा स्वतःचा वेगळा मेडिकल फॉर्म असतो, त्यावरही खरंच लिहायचं.

तयारीचं म्हणाल तर क्रॉस कंट्रीवाल्या मुलींचा एक ठरलेला प्रॉब्लेम असतो, पाय लोखंडाचे आणि हात नूडल्सचे. ॲकॅडमीच्या अर्जासाठी जी कँडिडेट फिटनेस असेसमेंट असते, सीएफए, त्यात एक मैल पळणं तिला किरकोळ वाटेल, पण त्याच्या आधी गुडघ्यावर बसून एका हाताने बास्केटबॉल फेकायचा, पुल-अप्स, शटल रन, पुश-अप्स असं सगळं एकामागोमाग असतं, मैल सगळ्यात शेवटी येतो. गुडघ्यावरून बॉल फेकणं हा प्रकार कुणीच आयुष्यात केलेला नसतो आणि तिथे मार्क जातात. घरामागे धाकट्याला बॉल परत आणायला उभा करा आणि जानेवारीपासून सुरू करा. पुल-अप बारही दारात लावून टाका, एकही येत नसेल तर लटकण्यापासून सुरुवात. कोस्ट गार्डची टेस्ट थोडी वेगळी आहे, तिथे दीड मैल पळायचं असतं. आणि बूट! नवे कोरे बूट घालून पाठवू नका, दोन महिने वापरलेले पाठवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी फोडांशिवाय तिला दुसरं काही आठवणार नाही. शाकाहारी असेल तर फॉर्मवर लिहा, उपाशी ठेवत नाहीत पण चॉइस फार नसतो, शेंगदाण्याचं बटर आणि अंडी चालत असतील तर बरं. फोन दिवसभर हातात नसतो, त्यामुळे मेसेजला उत्तर आलं नाही म्हणून ऑफिसमध्ये बसून ॲकॅडमीला फोन लावायचा नाही ताई, तुम्हाला ओळखत नाही तरी सांगते.

राहिले बाबा. त्यांचा विरोध नेमका कशाला आहे ते पत्रात नाही, त्यामुळे मी त्यांची बाजू खोडणार नाही, पण आकडे दोघांकडेही असू देत. ट्यूशन शून्य, वर महिन्याला थोडा पगार. बदल्यात ग्रॅज्युएट झाल्यावर ऑफिसर म्हणून किमान ५ वर्षांची सेवा, एअर फोर्समध्ये पायलट झाली तर ट्रेनिंग संपल्यावर पुढे १० वर्षं. पहिली दोन वर्षं आवडलं नाही तर सोडून दुसऱ्या कॉलेजला जाता येतं, सेवेचं बंधन न लागता, तिसरं वर्ष सुरू झालं की मग बांधले गेलो. डिग्री बॅचलर ऑफ सायन्सची, आणि इंजिनिअरिंगची काळजी असेल तर वेस्ट पॉइंट १८०२ साली सुरू झालं तेव्हा या देशात इंजिनिअरिंग शिकवणारं दुसरं कॉलेजच नव्हतं. आणि मधला रस्ताही आहे, आरओटीसी. तुमच्या घराजवळच्या रटगर्सला आर्मी आणि एअर फोर्स दोन्हीचं युनिट आहे, नॉर्मल कॉलेज, नॉर्मल हॉस्टेल, आठवड्यात काही तास युनिफॉर्म, आणि शेवटी तीच ऑफिसरची रँक. स्कॉलरशिप मिळाली तर ट्यूशनही बऱ्यापैकी निघून जाते. बाबांना आत्ताच होकार मागू नका. फक्त एका आठवड्याला होकार मागा आणि बाकी ती परत आल्यावर बघू म्हणा. ती परत आल्यावर काय म्हणते हे त्यांनाही ऐकायचं असेल, मी पैज लावते.

आणि धाकटा. त्याच्यासाठी यातलं काहीच अजून नाही, पण ॲनापोलिसलाच समर स्टेम म्हणून वेगळा प्रोग्रॅम असतो, येत्या सप्टेंबरमध्ये नववी ते अकरावीत जाणाऱ्या मुलांसाठी, म्हणजे तो नेमका बसतो. त्यात मिलिटरी नावापुरती, रोबॉटिक्स, प्रयोग, बनवाबनवी जास्त, ओरडा नाही. अर्ज थंडीतच उघडतो. आवडला तर पुढे सी कॅडेट्स किंवा सिव्हिल एअर पेट्रोल (दोन्ही आपल्या एनसीसीसारखं) यांची तुमच्या भागातली तुकडी शोधा, वर्षभर चालतं आणि खिशाला परवडतं. नाही आवडला तर त्याला बॉल परत आणण्याचं काम आहेच.